कंपनी कुणाला उत्तर देते?

नागपुरात वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला कधी ना कधी एक प्रकल्प येतोच. एखादा उद्योग निवडा, त्यातली एखादी कंपनी निवडा आणि बाजाराचा अभ्यास करून आणा. विषय ठरतो: ‘नागपूरचा नमकीन उद्योग’ किंवा ‘विदर्भातलं जिनिंग-प्रेसिंग’. मग कंपनीचं संकेतस्थळ उघडलं जातं. तिथे संस्थापकांचं छायाचित्र, गुणवत्तेची ग्वाही आणि उत्पादनांची रंगीत यादी असते. बाजार केवढा आहे हे शोधताना एखाद्या संशोधन संस्थेचा अहवाल समोर येतो. त्याची किंमत हजारो डॉलर असते आणि फुकट मिळतं ते फक्त शीर्षकातलं वाक्य, बाजार अमुक अब्जांचा असल्याचं. ते वाक्य उचलून प्रकल्पात घातलं जातं. तो आकडा कुणी, काय काय धरून मोजला, हे तोंडी परीक्षेत कुणालाच सांगता येत नाही. शेवटी ‘माहितीच्या अभावामुळे’ अशी मर्यादा लिहून वही बंद होते.

माहितीचा अभाव क्वचितच असतो. आपण चुकीच्या दारात उभे असतो. कंपनी स्वतःहून बोलते ती गिऱ्हाइकाशी, आणि गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं असेल तेवढंच बोलते. पण तिला आणखी बऱ्याच जणांना उत्तर द्यावं लागतं. भागधारक, कर्ज देणारी बँक, कंपनी निबंधक, करखातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अन्न परवाना देणारं खातं, वाद झाला तर न्यायालय. या प्रत्येकाकडे कागद जातो आणि त्यातले पुष्कळ कागद कायद्यानेच सगळ्यांना खुले आहेत. म्हणून अभ्यासाचा पहिला प्रश्न ‘ही कंपनी काय करते?’ हा नसावा. ‘ही कंपनी कुणाकुणाला उत्तर देते?’ हा असावा.

शोधाची सुरुवात नावापासून करू नये, नंबरापासून करावी. देशातल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला एकवीस अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक असतो. कंपनीच्या पत्रशीर्षावर तो छापावाच लागतो आणि संकेतस्थळावरही तो बहुधा तळाशी असतो. नागपुरात मुख्यालय असलेल्या मॉईल या मँगनीज कंपनीचा क्रमांक पाहा: एल ९९९९९ एमएच १९६२ जीओआय ०१२३९८. पहिलं ‘एल’ म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. नसती तर तिथे ‘यू’ असता. एमएच म्हणजे महाराष्ट्र. १९६२ हे स्थापनेचं वर्ष. जीओआय म्हणजे भारत सरकारची कंपनी. खासगी मर्यादित कंपनीला इथे पीटीसी आणि सार्वजनिक मर्यादित कंपनीला पीएलसी लागतं. शेवटचे सहा अंक नोंदणीचे. ‘एल’नंतरचे पाच अंक उद्योगाचे असतात, पण इथे ते ९९९९९ आहेत, म्हणजे कुठल्याच उद्योगाचे नाहीत. या पाच अंकांवरून कंपन्यांची यादी काढणाऱ्याच्या हातून देशातली एक मोठी मँगनीज कंपनीच सुटेल.

क्रमांकातलं वर्षही पूर्ण गोष्ट सांगत नाही. या खाणींमागची ब्रिटिश कंपनी १८९६ पासूनची. १९६२ मध्ये भारत सरकारशी झालेल्या करारानुसार नवी कंपनी निघाली. तिचं ५१ टक्के भांडवल केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांकडे होतं, उरलेलं ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडे. ते १९७७ मध्ये विकत घेतलं गेलं. तेव्हा ‘मॉईल कधी सुरू झाली?’ या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत, आणि तिन्ही कुठल्या ना कुठल्या कागदावर बरोबर आहेत. प्रकल्पात वर्ष लिहिताना ते कशाचं वर्ष आहे तेही लिहावं.

नंबराचा आग्रह धरण्याचं दुसरं कारण असं की नावं बदलतात आणि नावं सारखी असतात. नागपूरची सोलर इंडस्ट्रीज ही स्फोटकं बनवणारी कंपनी २००६ मध्ये बाजारात आली तेव्हा ती ‘सोलर एक्स्प्लोझिव्हज’ होती. नव्या नावाने शोधलं तर जुने कागद हाती लागत नाहीत. हल्दीरामचा गुंता याहून मोठा. बिकानेरच्या दुकानातून निघालेल्या या घराण्याचे नागपूर, दिल्ली आणि कोलकाता असे वेगवेगळे कारभार झाले. आंतरजालावर ‘हल्दीरामची उलाढाल’ म्हणून मिळणारा आकडा यातल्या कुणाचा, हे आधी ठरवावं लागतं.

शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर काम सोपं. वार्षिक अहवाल, तिमाही निकाल, विश्लेषकांशी झालेल्या कॉन्फरन्स कॉलची शब्दशः नोंद, सगळं बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट आहे. मुलं वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं मनोगत वाचतात आणि थांबतात. मी उलट सांगेन. मनोगत शेवटी वाचावं. आधी हिशेबामागच्या टिपा वाचाव्यात: विक्री कुठल्या विभागातून किती, एकाच ग्राहकाकडून दहा टक्क्यांहून जास्त येते का, कोणते खटले प्रलंबित आहेत. कॉन्फरन्स कॉलमध्ये तर प्रश्न विचारणारे लोक अभ्यास करून आलेले असतात. त्यांच्या प्रश्नांवरूनच त्या धंद्यात काय महत्त्वाचं मानतात ते समजतं.

या सगळ्यांत माझा सर्वात आवडता कागद मात्र वेगळा आहे: कंपनी पहिल्यांदा बाजारात उतरताना काढते ते माहितीपत्रक, म्हणजे प्रॉस्पेक्टस. मॉईलची पहिली भागविक्री नोव्हेंबर-डिसेंबर २०१० मध्ये ३७५ रुपये दराने झाली. त्यात केंद्र आणि दोन राज्य सरकारांनी आपले भाग विकले, त्यामुळे आलेला पैसा सरकारांकडे गेला, कंपनीकडे नाही. हे माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं. त्यात उद्योगाच्या ओळखीचं एक अख्खं प्रकरण असतं. आणि जोखमींचं प्रकरण असतं, ते तर सोडूच नये. कंपनी एरवी जे कधी उच्चारणार नाही ते इथे लिहिते, कारण लपवलं आणि पुढे गुंतवणूकदार बुडाला तर कायदा तिला पकडतो. जिथे कंपनीला न सांगण्याची भीती असते, तिथे ती खरं सांगते. कुठलाही कागद हातात घेतला की तो कुणाच्या धाकाने लिहिला गेला, हे विचारायची सवय लावून घ्यावी.

हल्दीरामसारखी कंपनी शेअर बाजारात नाही. इथे बहुतेक विद्यार्थी हात टेकतात, आणि इथेच खरा शोध सुरू होतो. खासगी कंपनीलाही दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण निबंधकाकडे दाखल करावं लागतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मूलभूत माहिती फुकट दिसते आणि दाखल झालेले कागद १०० रुपये भरून पाहता येतात. एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी पैशांत एखाद्या बंद दाराच्या कंपनीची विक्री, कच्च्या मालाचा खर्च, पगार आणि कर्ज कळतं. हा अधिकार कंपनी कायद्याने कुणालाही दिला आहे; तो विद्यार्थी वापरत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं दार पतमानांकन संस्थांचं. क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या संस्था कर्ज घेणाऱ्या कंपन्यांची पत ठरवतात आणि त्यामागची कारणं तीन-चार पानांत जाहीर करतात. यात मोठ्या कंपन्यांसोबत जिनिंगवाले, तांदूळ गिरणीवाले, लोखंडाचे व्यापारीही असतात. मालाचा साठा किती दिवस पडून राहतो, नफा कशामुळे वरखाली होतो, स्पर्धा किती, हे त्यात सरळ भाषेत असतं. फक्त दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. हे मानांकन करून घेण्याचे पैसे कंपनीच देते. आणि वर ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शेरा असेल, तर कंपनीने नवी माहिती दिलेली नाही आणि आतले आकडे शिळे आहेत.

तिसरं दार स्पर्धा आयोगाचं. नागपूर आणि दिल्लीच्या हल्दीरामने आपला पाकीटबंद पदार्थांचा धंदा एकत्र करून ‘हल्दीराम स्नॅक्स फूड’ या कंपनीत आणायचं ठरवलं, तेव्हा आयोगाची परवानगी लागली. ती २०२३ मध्ये मिळाली. त्या व्यवहारात दिल्लीकडे ५६ आणि नागपूरकडे ४४ टक्के हिस्सा आला. उपाहारगृहांचा धंदा यात नाही. म्हणजे अभ्यास नमकीनचा की उपाहारगृहांचा, हे विद्यार्थ्याने पहिल्याच पानावर ठरवायला हवं. आयोगाच्या अशा आदेशांत कोणत्या मालाची कोणत्या मालाशी स्पर्धा धरायची याची चर्चा असते, म्हणजेच ‘बाजार’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची. बाजारहिस्सा बहुधा नेमका न देता पट्ट्यात दिलेला असतो. तो पट्टासुद्धा कुठल्याशा ब्लॉगवरच्या नेमक्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा. पुढे २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने या कंपनीत सुमारे १० टक्के हिस्सा घेण्याचा करार केला, तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्या किमतीची चर्चा झाली. त्या बातम्या वापराव्यात, पण ती किंमत खरेदीदाराने लावलेली आहे हे विसरू नये.

वाद झाला की न्यायालयात कागद जातो. विको लॅबोरेटरीजचं उदाहरण नागपूरच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावं. हळदीची क्रीम आणि वज्रदंती ही सौंदर्यप्रसाधनं की आयुर्वेदिक औषधं, यावर अबकारी खातं आणि कंपनी यांच्यात वर्षानुवर्षं खटला चालला. नागपूरच्या अबकारी आयुक्तांचं अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. प्रश्न कराचा होता, पण निकालपत्रात घटकपदार्थ, परवाने, लोक ती वस्तू काय समजून विकत घेतात, असं सगळं येतं. ग्राहकाच्या मनात एखाद्या वस्तूची जागा कुठली, हा विपणनातला मुख्य प्रश्न. तो इथे न्यायाधीशांनी पुराव्यानिशी तपासला आहे, आणि असे निकाल आंतरजालावर फुकट वाचता येतात.

एवढं करूनही कारखान्याची क्षमता कळत नसेल तर पर्यावरण मंजुरीचे कागद पाहावेत. सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना उभारणी किंवा विस्तारापूर्वी पर्यावरण आघात अहवाल द्यावा लागतो आणि जनसुनावणी घ्यावी लागते. त्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर हे सारांश मराठीत सापडतात: किती टन माल बनणार, कच्चा माल कुठून येणार, पाणी किती, वीज किती, माणसं किती. मराठीत उद्योगाविषयी इतका तपशील क्वचितच कुठे वाचायला मिळतो. फक्त ही परवानगी मागितलेली क्षमता असते, प्रत्यक्ष उत्पादन नव्हे.

आणि एक दार तर घरातच आहे. शेवेचं पाकीट उलटं करून पाहा. चौदा अंकी अन्न परवाना क्रमांकातला पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक ०० असतील तर परवाना केंद्राचा, १५ असतील तर महाराष्ट्राचा. त्यापुढचे दोन अंक वर्षाचे. पाकिटावर अनेकदा तीन-चार कारखान्यांचे पत्ते छापलेले असतात आणि बॅच क्रमांकातल्या अक्षरावरून हे पाकीट कुठल्या कारखान्यातलं ते कळतं. बर्डीवरच्या आणि इतवारीतल्या दुकानांत पन्नासेक पाकिटं अशी वाचली तर नागपूरला माल कुठून येतो याचा असा नकाशा तयार होईल, जो कुठल्याच विकतच्या अहवालात मिळणार नाही.

आता उद्योगाकडे वळू. इथे नागपूरकर भाग्यवान आहेत. सिव्हिल लाइन्समधल्या इंदिरा भवनात भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आहे. ब्यूरोची स्थापना १९४८ ची. त्याचं ‘इंडियन मिनरल्स इयरबुक’ प्रत्येक खनिजाचे साठे, राज्यवार उत्पादन, मुख्य उत्पादक, वापरणारे उद्योग आणि जगातली स्थिती सांगतं. मॉईल स्वतःला देशातली सर्वात मोठी मँगनीज उत्पादक म्हणवते. हा दावा कंपनीच्याच अहवालाचा दाखला देऊन मांडणं हा अभ्यास नव्हे. ब्यूरोच्या आकड्यांशी तो ताडून पाहणं हा अभ्यास. सेमिनरी हिल्सवरच्या केंद्र सरकारच्या संकुलात पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय आहे. तिच्या परवान्याशिवाय देशात स्फोटकांचा कारखाना उभा राहत नाही. सोलरचा अभ्यास करणाऱ्याने पेसोचे नियम वाचले नाहीत तर या धंद्यात नवा स्पर्धक सहज का येत नाही, हे त्याला कधीच उमगणार नाही. त्याच धंद्याची दुसरी बाजू ग्राहकाकडे असते. कोल इंडिया स्फोटकं निविदा काढून घेते, आणि तिची वेस्टर्न कोलफील्ड्स ही उपकंपनी नागपुरातच आहे. विकणारा गप्प असेल तर विकत घेणाऱ्याचे कागद वाचावेत. सरकारी कंपन्यांना माहिती अधिकाराखाली दहा रुपयांत प्रश्नही विचारता येतो.

कारखानदारीचे आकडे हवे असतील तर केंद्राची वार्षिक उद्योग पाहणी आहे. तिच्यात शिरायचं तर राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचा कोड माहीत हवा, आणि विदर्भातले विद्यार्थी नेमके इथेच अडतात. जिनिंग हा वस्त्रोद्योग समजून ते तेराव्या विभागात शोधतात आणि ‘विदर्भात आकडेवारी नाही’ असं लिहून मोकळे होतात. कापसातली सरकी काढून, साफ करून गाठी बांधणं हे या वर्गीकरणात शेतीच्या विभागात, ०१६३२ या कोडखाली आहे. संत्र्याचंही तसंच. आयात-निर्यातीच्या कोडमध्ये संत्री ०८०५१० खाली आणि मँडरिन ०८०५२१ खाली येतात. नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्राप्रमाणे मँडरिन, म्हणून दोन्ही ओळी पाहिल्याशिवाय निर्यातीवर एक शब्दही लिहू नये. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आणि दरवर्षीची आर्थिक पाहणी मराठीत आहे. त्यांतली कोष्टकं आधी पाहिली तर पुढचा शोध निम्म्याने कमी होतो.

आकडे जुळवताना मापं सांभाळावीत. कापसाचा भाव बाजार समितीत क्विंटलवर, रुईचा भाव खंडीवर म्हणजे सुमारे ३५६ किलोवर, आणि उत्पादन १७० किलोच्या गाठीत. कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. जिनिंगवाल्याने वर्षाला अमुक गाठी बांधल्याचं सांगितलं की त्या संख्येला पाचाने गुणावं आणि तेवढा कापूस त्या तालुक्याच्या बाजार समितीत आला होता का, ते पणन मंडळाच्या रोजच्या आवकेत पाहावं. नसेल, तर एक तर आकडा फुगवलेला आहे किंवा माल बाहेरून येतो. दोन्हींपैकी काय, हा तुमच्या प्रकल्पातला सर्वात चांगला प्रश्न ठरेल.

या शहरात अशी चौकशी नवी नाही. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये आपली गिरणी मुंबईऐवजी नागपुरात काढायचं ठरवलं, तेव्हा काहींना ते वेडेपण वाटलं. पण त्यांनी कापूस कुठे पिकतो, आगगाडी कुठपर्यंत येते, कोळसा कुठून मिळेल आणि माल कुठे खपेल, हे आधी पाहिलं होतं. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली होती आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचा व्यवस्थापक म्हणून त्यांनी निवडलेले बेझनजी मेहता हे रेल्वेच्या मालखात्यातून आलेले होते. गिरणीचा अनुभव नसलेला माणूस त्यांनी का घेतला असेल? मला वाटतं, कुठला माल कुठून कुठे जातो हे ज्याने रोज डोळ्यांनी पाहिलं, त्याला बाजाराची जितकी माहिती असते तितकी फार थोड्यांना असते.

आजच्या विद्यार्थ्याला आणखीही काही दारं आहेत. विकतचे विदासंच, उदाहरणार्थ सीएमआयईचं प्रोवेस, मोठ्या संस्थांच्या ग्रंथालयांत असतात. आपल्या ग्रंथपालांचं पत्र घेऊन विचारायला लाजू नये. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर जुने पीएचडी प्रबंध फुकट आहेत आणि त्यांतली संदर्भसूची बहुतेक वेळा प्रबंधापेक्षा उपयोगी ठरते. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या उद्योजक संघटना, जिल्हा उद्योग केंद्र, इथे जाताना प्रश्न लिहून न्यावेत आणि जे आधीच छापलेलं आहे ते विचारू नये. समोरचा माणूस तेवढ्यावरून तुम्हाला किती वेळ द्यायचा ते ठरवतो.

कागद वाचून झाले की इतवारीत जावं. ठोक व्यापाऱ्याला ‘तुमची विक्री किती?’ असं विचारलं तर कुणी सांगणार नाही, आणि सांगू नयेच. गाडी आठवड्यातून कितीदा येते, एका खेपेला किती पेट्या उतरतात, उधारी किती दिवसांची, मुदत संपलेला माल कंपनी परत घेते का, हे विचारावं. मग घरी येऊन निबंधकाकडून आणलेला ताळेबंद उघडावा. वर्षाअखेरची येणी भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५, म्हणजे कंपनीचे पैसे सरासरी किती दिवस बाहेर असतात ते निघतं. व्यापारी पंधरा दिवसांची उधारी सांगतो आणि ताळेबंदातून पंचेचाळीस दिवस निघतात, तर फरकाचे पैसे इतवारीत अडकलेले नाहीत. ते मॉलच्या साखळ्यांकडे असतील, निर्यातीत असतील किंवा सरकारी पुरवठ्यात असतील. पुढची भेट त्यांच्याकडे ठरवावी.